कोरडं मीठ

त्या वर्षी मीठ उशिरा धरलं. हंगामाच्या तोंडावर एका मोठ्या भरतीनं खाडीकडचा बांध फोडला आणि सगळे वाफे गाळानं भरून गेले. शेजारच्या मिठागरांवर पांढऱ्या राशी दिसायला लागल्या, तेव्हा हे नवरा-बायको अजून पोटरीभर चिखलात उभे राहून गाळ उपसत होते. मग वाफ्यांचे तळ पायांनी तुडवून घट्ट करायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, ते मोठ्या वाफ्यातून लहान वाफ्यात सरकवत न्यायचं आणि उन्हाच्या तोंडाकडे बघत बसायचं. मिठाला घाई करता येत नाही. माणसाचा जीव मात्र खालीवर होतो, कारण हंगामाच्या शेवटी आभाळ भरून आलं आणि रास उघडी असली, तर सगळी मेहनत पुन्हा खाडीत वाहून जाते.

नवऱ्याला सगळी वस्ती आभाळ्या म्हणायची. नाव त्याला आवडायचं, पण आवडतंय असं तो दाखवायचा नाही. सकाळी बांधावर उभं राहून तो वारा अंगावर घ्यायचा. मग राशीवरचं चिमूटभर मीठ उचलून बोटांत चोळायचा. मीठ बोटांना चिकटलं तर हवेत ओल आहे, पाऊस लांब नाही. भुरभुर गळून पडलं तर खुशाल कामाला लागा. शास्त्र एवढंच, पण ते बोटांना कळावं लागतं आणि त्याच्या बोटांना कळायचं. त्यानं "झाका" म्हटलं की आजूबाजूचे लोक हातातलं काम टाकून ताडपत्र्या ओढायचे. दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतं, पण हे होतं.

बायकोनं परीक्षेचं खूळ घेतलं ते ह्याच वर्षी. खूळ हा शब्द त्याचा. त्याची आई परीक्षेला परीक्षाच म्हणायची. शहरातल्या दवाखान्यात मदतनीस बाई हवी होती. लेखी परीक्षा द्यायची, पास झालं की कायमची नोकरी. ह्या वर्षी ती वयात बसत होती, पुढच्या वर्षी बसणार नव्हती. त्यांची मुलगी शहरात मावशीकडे राहून शाळा शिकत होती आणि सुट्टीला आली की पाहुण्यासारखी वागायची, पाणी प्यायलासुद्धा विचारायची. नोकरी लागली तर बायको तिथं एक खोली घेणार होती, मुलीला आपल्याजवळ ठेवणार होती आणि सुट्टीच्या दिवशी मिठागरावर येणार होती. हे सगळं तिनं त्याला एकदाच सांगितलं. तो "बघू" म्हणाला. "बघू" म्हणजे हो, असं तिनं धरलं.

हिशेबाची तिला भीती नव्हती. अडायचं ते इंग्रजीत. वाक्यात एका शब्दाखाली रेघ मारलेली असते, त्या शब्दाची जात ओळखायची. रस्त्याच्या कडेला एक निवृत्त शिक्षिका राहायची, तिच्याकडे ती शिकायला जाऊ लागली. पहिल्यांदा तिनं मिठागरावरच्या माणसानं करावी तशीच चूक केली. एकदा वाफ्यात घातलं ते वाफ्यातलं, तसा प्रत्येक शब्द तिनं एकेका जातीत घालून टाकला आणि पाठ केला. शिक्षिकेनं निम्म्याहून जास्त उत्तरांवर काट मारली.

"शब्द कोण आहे ते विचारू नकोस," शिक्षिका म्हणाली. "ह्या वाक्यात तो काय काम करतोय ते बघ."

हे तिला एकदम पटलं. कामावरून ओळखायचं म्हणजे तिच्या ओळखीचीच गोष्ट होती. ती घरी आली ती उड्या मारतच.

तेव्हापासून मिठागरावर इंग्रजी सुरू झालं. लांब दांड्याची लाकडी फळी घेऊन दोघं वाफ्याच्या कडेला उभे असायचे, पाण्याखाली धरलेलं मीठ ओढून काठाला आणायचे. फळी ओढताना कमरेत कळ यायची, पायाच्या भेगांत खारं पाणी शिरून आग व्हायची. त्याची म्हातारी आई बांधावर बसून निथळलेलं मीठ टोपलीत भरायची.

"सॉल्ट," बायको म्हणायची. "सांगा, काय?"

"मीठ," तो म्हणायचा.

"अर्थ नको, जात."

"नाम," म्हातारी बांधावरून बोलायची. तिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण रोज कानावर पडून अर्ध्या जाती तिला पाठ झाल्या होत्या.

"शाब्बास आई. आणि 'सॉल्ट द फिश' म्हटलं तर? माशाला मीठ लाव."

"लाव म्हणजे काम आलं. मग क्रियापद."

"मीठ कधीपासून कामाला जायला लागलं?" तो म्हणायचा. "कामं आम्ही करतो, ते नुसतं पडून असतं."

दोघी हसायच्या. त्यालाही सुरुवातीला मजा वाटायची. 'फास्ट बस' म्हटलं तर फास्ट विशेषण, 'बस गोज फास्ट' म्हटलं तर क्रियाविशेषण, हे त्यानं एकदा बरोबर सांगितलं आणि दिवसभर त्याची छाती फुगलेली होती. पण ती पुढे सरकत गेली आणि तो मागे पडत गेला. ती फळीच्या दांड्यानं बांधाच्या ओल्या चिखलावर वाक्य लिहायची, शब्दाखाली रेघ ओढायची, पुटपुटायची, पायानं पुसून दुसरं लिहायची. तो शेजारी उभा असला तरी तिला त्याचं भान नसायचं. हात फळीवर आणि ओठ शहरात, असं त्याला वाटायचं.

एक दिवस दुपारी छपराखाली सगळे बसले होते. शेजारच्या मिठागराचा मालकही येऊन टेकला होता. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण इकडची बातमी तिकडे पोचवल्याशिवाय त्याला अन्न जात नसे.

"मी गं कोण?" म्हातारीनं विचारलं. "माझी जात सांग."

"तुम्ही उभयान्वयी. 'अँड'. दोन टोकं धरून ठेवता, म्हणून घर चालतं."

"आणि मी?" रेडिओ म्हणाला.

"तुम्ही क्रियाविशेषण. कोण काय करतंय, कसं, कुठं, कधी, सगळं तुम्हीच सांगता."

"हे झकास. आणि वहिनी, तुम्ही?"

"मी सर्वनाम. ज्याच्या त्याच्या जागेवर उभी. आई आजारी पडल्या की मी आई, हे कुठं गेले की मीच हे."

"आणि आमचा आभाळ्या?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत थट्टा होती, दुसरं काही नव्हतं. "हे केवलप्रयोगी. 'हुर्रे!' मध्येच मोठ्यानं ओरडायचं. बाकीच्या वाक्याशी संबंध नाही."

रेडिओला हसता हसता ठसका लागला. म्हातारी तोंडाला हात लावून हलत राहिली. तोही हसला, सगळ्यांत मोठ्यानं हसला. चिडण्यासारखं त्यात काय होतं? चिडला असता तर आणखी हसले असते. पण रेडिओ तो रेडिओच. दुसऱ्या दिवशी चार बांधांपलीकडून हाक आली, "काय हुर्रे, उठलास का?" आणि आठवडाभरात आभाळ्या हे नाव कुणाच्या तोंडात राहिलं नाही.

बायकोला वाईट वाटलं. "मी बोलायला नको होतं," ती म्हणाली.

"त्यात काय," तो म्हणाला. त्यात काय होतं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मावळतीकडे ढग दिसला. लांबवर, काळपट, खाडीच्या तोंडावर आडवा पसरलेला. रास अजून उघडी होती. मीठ न्यायला ट्रक त्याच दिवशी संध्याकाळी येणार होता.

बायको तयार होऊन बांधावर आली. धुतलेले कपडे, चापून बसवलेले केस. पाय तिनं दगडानं घासले होते, तरी भेगांतला पांढरेपणा गेला नव्हता. हातात पिशवी. म्हातारी तिच्यामागून पाण्याची बाटली घेऊन आली.

"काय हुर्रे!" पलीकडच्या बांधावरून रेडिओ ओरडला. त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं फळ्या टेकून उभे होते. "आभाळ काय म्हणतंय? झाकायचं का?"

त्यानं वारा अंगावर घेतला. वारा पाठीवर येत होता, जमिनीकडून. असला वारा ढगाला आत येऊ देत नाही, समुद्रात ढकलून देतो. त्यानं राशीवरचं मीठ चिमटीत उचललं आणि चोळलं. ते पिठासारखं कोरडं होतं. एक कण बोटाला राहिला नाही.

"चिकटतंय," तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो. तेव्हाही परत घेता आला असता. पुन्हा चोळून बघतो म्हणाला असता तरी चाललं असतं. त्याच्या बोटांवर शंका घेणारं तिथं कुणी नव्हतं. पण पलीकडे माणसं फळ्या टाकून ताडपत्र्यांकडे पळायला लागली होती, आणि आता परत घेणं म्हणजे सगळ्यांदेखत पुन्हा हुर्रे होणं.

"नक्की ना?" बायकोनं विचारलं.

"दुपारच्या आत."

ती रस्त्याकडे पाहू लागली, मग राशीकडे. ताडपत्री जुनी होती, दोन ठिकाणी फाटलेली. तिघांनी धरल्याशिवाय ती राशीवर चढत नसे. "मग मी काय करू?"

तू जा, आम्ही दोघं बघतो. एवढं बोलायचं होतं. आईचे हात अजून धडधाकट होते, रेडिओला हाक मारली असती तर तो धावत आला असता. थांब, असंही तो म्हणाला नाही. त्याऐवजी तो म्हणाला, "तुझं तू बघ. परीक्षा तुझी आहे."

ती रस्त्याच्या दिशेनं थोडी चालली आणि थांबली. पुन्हा थोडी चालली. वळून त्याच्याकडे पाहिलं. तो वाकून ताडपत्रीची गाठ सोडत होता, आणि गाठ सोडायला लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ लावत होता. रस्त्यावर बस येऊन थांबल्याचा आवाज आला, निघून गेल्याचाही आला. त्यानं मान वर केली तेव्हा ती पिशवी छपराच्या खुंटीला अडकवत होती. मग तिनं डोक्याला रुमाल बांधला, चपला काढल्या आणि ताडपत्रीचं एक टोक धरलं.

रास झाकणं म्हणजे चादर अंथरणं नव्हे. ताडपत्री वाऱ्यानं फुगायची, हातातून सुटायची, पुन्हा ओढायची. फाटलेल्या जागी गवताच्या पेंढ्या घालायच्या, कडेनं चिखलाचे गोळे दाबायचे. तिचे धुतलेले कपडे कमरेपर्यंत चिखलानं भरले. म्हातारी पेंढ्या देता देता धापा टाकू लागली. सगळ्या मिठागरांवर तीच धावपळ चालली होती, माणसं एकमेकांना ओरडून सांगत होती, आणि सगळी त्याच्या एका शब्दावर राबत होती. त्याला घाम फुटला. वाटलं, पडू दे आता. चार थेंब तरी पडू दे.

ऊन डोक्यावर आलं तोवर ढग बारीक होऊन समुद्रावर कुठंतरी विरून गेला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं.

जेवायला बसले तेव्हा बायको कुणाकडेही न बघता म्हणाली, "अजून एक बस असते."

"आता जाऊन काय उपयोग?" तो म्हणाला. "पेपर सुरू झाला असेल."

म्हातारीनं त्याच्या ताटात उकडलेलं अंडं ठेवलं. मग मिठाच्या डब्यात हात घालून मूठ ताटावर धरली आणि सैल केली. कोरडं मीठ सरसर धार धरून ताटात पडत राहिलं, त्याचा ढीग झाला. एवढं मीठ कुणी खात नाही. म्हातारी त्याच्याकडे बघत होती. त्यानं मान खाली घातली आणि त्या ढिगात बुडवून अंडं खाल्लं. घशाखाली जाईना, तरी संपवलं.

संध्याकाळी ट्रक आला. झाकलेल्या राशी पुन्हा उघडाव्या लागल्या, लोकांचे हात भरून आले होते. रेडिओनं लांबून ओरडून विचारलं, "काय रे हुर्रे, पावसाची बस चुकली की काय?" सगळे हसले. बायकोही किंचित हसली, लोकांना बरं वाटावं म्हणून. ते हसणं त्याला कुणाच्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर मिठागर मुकं झालं. तिनं शिक्षिकेचं पुस्तक परत नेऊन दिलं. फळीचा दांडा आता फक्त मीठ ओढायचा. म्हातारीनं एकदा "टोपली म्हणजे नाम ना गं?" असं विचारून पाहिलं. "हो आई," ती म्हणाली, आणि पुढे दुसरा शब्द विचारला नाही. तिनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. वेळेवर जेवायला वाढायची, त्याच्या पायाच्या भेगांना तेल लावायची. तिनं आदळआपट केली असती तर त्याला बरं झालं असतं. तेल लावताना तिची बोटं पायावरून फिरायची आणि त्याला पाय ओढून घ्यावासा वाटायचा. मी खोटं बोललो, असं तो मनात रोज म्हणायचा. काम करताना, पाणी सोडताना, आंघोळ करताना. तोंडापर्यंत यायचं आणि दातांशी अडायचं.

शेवटी एक दिवस नवी ताडपत्री बघायची आहे असं सांगून तो शहरात गेला. दवाखान्याच्या कचेरीत चपला बाहेर काढू की नको हे न कळून तो दारातच घुटमळला. खिडकीपलीकडचा कारकून वर न बघता "काय?" म्हणाला.

"बायकोची परीक्षा राहिली. पुन्हा बसता येईल का?"

कारकुनानं वय विचारलं. ऐकून मान हलवली. "ह्या वर्षीचीच संधी होती. का राहिली?"

"पावसाचा अंदाज होता. बस चुकली सकाळची."

"मग दुपारच्या बसनं यायचं. लांबून येणारे बरेच उशिरा पोचले त्या दिवशी. साहेबांनी सगळ्यांना दुपारी वेगळं बसवलं." कारकुनानं आता वर पाहिलं. "दुपारची बस असते ना तुमच्याकडून?"

"असते," तो म्हणाला.

बाहेर येऊन तो पायरीवर बसला. मुलीची शाळा तिथून जवळ होती. जाऊन भेटावं असं वाटलं, पण तिनं आई कधी येणार म्हणून विचारलं तर काय सांगायचं? तो तसाच परतीच्या बसमध्ये चढला.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. म्हातारी छपराखाली टोपली विणत होती. बायको एकटीच वाफ्याच्या कडेला फळी ओढत होती. तो सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आता थांबलो तर पुन्हा दातांशी अडेल, हे त्याला ठाऊक होतं.

"त्या दिवशी मीठ कोरडं होतं," तो म्हणाला. "वारा जमिनीकडचा होता. मी खोटं बोललो."

तिची फळी थांबली नाही. "माहीत आहे."

"आई बोलली?"

"आई कशाला बोलतील? इतकी वर्षं ह्या वाऱ्यात राबतेय मी. मला कळत नसेल का? वारा पाठीला लागला तेव्हाच कळलं."

"मग गेली का नाहीस?"

तिनं फळी काठाशी आणून ठेवली आणि कमरेवर हात घेतला. "तुम्ही त्या गाठीशी बसला होतात. एवढीशी गाठ, ती तुम्हाला सुटेना. कान लाल झाले होते तुमचे. मी मनात म्हटलं, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतोय आणि तेही ह्याला धड जमत नाही. माझ्या जाण्याची इतकी भीती वाटते ह्याला. मग पाय उचलेना. दया आली तुमची."

"दुपारी दुसरी बस होती. मी कचेरीत गेलो होतो. दुपारी घेत होते सगळ्यांना," तो म्हणाला. हे सांगायलाच हवं होतं असं नाही, पण सांगितल्याशिवाय त्याला राहवेना. "तू विचारलं होतंस. मी नको म्हणालो."

हे तिला माहीत नव्हतं. ती खाडीकडे वळली. छपराखाली म्हातारीचे हात थांबले होते.

"तेव्हा तुमची दया आली होती," ती म्हणाली. "आता माझी येते."

तो काहीतरी बोलायला पुढे झाला. हात धरावा असं त्याच्या मनात होतं. पायाखाली कचकच आवाज झाला. तिनं खाली पाहिलं, म्हणून त्यानंही पाहिलं. तो सरळ वाफ्यात शिरला होता. शहरातल्या चपलांसकट, सकाळपासून धरत आलेल्या मिठाच्या मधोमध तो उभा होता, आणि त्याच्या भोवतीची सगळी साय फुटून चिखलात कालवली गेली होती.

"बाजूला व्हा," ती म्हणाली आणि फळी उचलली. "हे पुन्हा करावं लागेल."